नव्या वर्षाचे कपाट आणि जुन्या बाजारातले लुगडे

डिसेंबर संपत आला की दुकानांच्या सवलतींचे संदेश फोनवर येऊ लागतात आणि त्यामागोमाग 'यंदा एकही कपडा घ्यायचा नाही' असे संकल्प ओळखीच्या बायकांकडून ऐकू येतात. मला या दोन्हींत फारसा रस नाही. काहीही न घेण्याचा संकल्प जेमतेम संक्रांतीपर्यंत टिकतो, कारण संक्रांतीला काळे नेसायचे असते आणि कपाटातली काळी साडी गेल्या वर्षीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांनी पाहिलेली असते. शिवाय न घेण्याच्या नियमाने कपाटातली गर्दी वाढायची थांबली, तरी आपल्याला काय शोभते आणि ते का शोभते, हे त्यातून कळत नाही. माझ्यापुरते ते जुन्या कपड्यांनी शिकवले. म्हणजे कोणीतरी वापरून झालेल्या, बाजारातल्या ढिगातून उचललेल्या किंवा मावशीच्या ट्रंकेतून निघालेल्या कपड्यांनी. म्हणून संकल्पांकडे वळण्याआधी त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

दुसऱ्याचा कपडा वापरण्याविषयी आपल्याकडे दोन परस्परविरोधी समजुती एकाच घरात सुखाने नांदतात. थोरलीचे फ्रॉक धाकटीला होत, दादाचा शर्ट खांद्यात उसवून पुन्हा बेतला जाई, आणि बाळंतिणीच्या खोलीत तर आजीच्या मऊ झालेल्या सुती लुगड्याची दुपटी हवीच असत, कारण नवे करकरीत कापड बाळाच्या अंगाला टोचते. त्याच घरात अनोळखी माणसाचा कपडा मात्र 'कोणाच्या अंगावरचा, कोण जाणे' एवढ्या एका वाक्यात निकालात निघे. या नाक मुरडण्यात स्वच्छतेपेक्षा जातीचा आणि ऐपतीचा विचार अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सुती कापड उकळत्या पाण्यात साबण घालून भिजवले आणि दोन दिवस कडक उन्हात टाकले, तर त्यात शंका घेण्याजोगे फारसे काही उरत नाही.

आणि आपण कपडे देतो तेव्हा ते कोठे जातात, याची चौकशीही कोणी करत नाही. दारावर बोहारीण येते, ओट्यावर गाठोडे सुटते, 'ही साडी विरली आहे ताई, अजून एक पँट घाला' अशी घासाघीस होते आणि चार साड्या, दोन पँटी देऊन एक स्टीलचे पातेले घरात येते. जरीच्या जुन्या साड्यांना पूर्वीपासून वेगळा भाव असे, कारण अस्सल जरीत चांदी असते आणि ती जाळून काढता येते. बाकीचे कपडे निवडले जातात, उसवलेले शिवले जातात, बटणे लावून, धुऊन, इस्त्री करून बाजारात जातात. जे अंगावर घालण्याच्या पलीकडे गेलेले असतात, ते कारखान्यांत यंत्रे पुसायच्या चिंध्या होतात. लोकरीच्या कपड्यांचा प्रवास आणखी लांबचा असतो. हरियाणातल्या पानिपतात परदेशांतून आलेले जुने लोकरी कपडे रंगांनुसार वेगळे करतात, त्यांची बटणे आणि चेन कापून काढतात, कापड पिंजून त्याचे पुन्हा सूत काततात आणि त्या सुताची स्वस्त घोंगडी विणतात. रंग आधीच निवडलेले असल्यामुळे सूत पुन्हा रंगवावे लागत नाही. आपत्तीनंतरच्या मदतीत वाटली जाणारी जाड, करड्या रंगाची पांघरुणे अनेकदा अशीच तयार झालेली असतात.

पुण्यात मंगळवार पेठेच्या बाजूला रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो. तेथे पाने, पक्कड, नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळे आणि नाणी यांच्या शेजारी प्लास्टिकच्या कागदावर कपड्यांचे ढीग मांडलेले असतात. गेल्या काही वर्षांत तरुण मुलेमुली येथे फॅशन म्हणून येऊ लागली आहेत, आणि त्याच ढिगातला शर्ट धुऊन, छान उजेडात फोटो काढून, कित्येक पट किमतीला फोनवरून विकला जातो. त्यांच्या उद्योगाला मी नावे ठेवत नाही. डोळा आणि मेहनत यांचे ते पैसे आहेत. परंतु या बाजारातली बरीच गिऱ्हाइके हौसेने आलेली नसतात. बांधकामावरच्या माणसाला थंडीत जाकीट हवे असते, जून जवळ आला की आईला मुलाच्या मापाची शाळेची चड्डी हवी असते. म्हणून मी एक नियम पाळते: उबदार कपडे, कामाच्या मजबूत पँटी आणि मुलांचे कपडे यांच्या ढिगाला हात लावायचा नाही. मला हवे असते ते बहुधा त्या गिऱ्हाइकांना नको असते, म्हणजे जुनी सुती लुगडी, कोणाच्या तरी बस्त्यातले न शिवलेले ब्लाउजपीस, शिंप्याने शिवलेले रुंद बाह्यांचे सदरे.

ढिगातून कपडा निवडताना रंगाला भुलायचे नाही, एवढे पथ्य पाळले की निम्मे काम होते. मी प्रथम कपडा उलटा करते. कॉलरची आतली कड, काखा, कोपरे आणि बसण्याची जागा पाहते. मग कापड उजेडासमोर धरते, कारण विरलेला भाग हाताला कळण्याआधी डोळ्यांना कळतो. रेशमी साडी असेल तर घडीच्या रेषा तपासाव्यात. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम तेथेच तडकते आणि त्यावर इलाज नाही. सूत आणि पॉलिस्टर यांचा संशय असेल तर शिवणीतला एक धागा घरी काढून जाळून पाहावा: सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते, रेशमाला जळक्या केसांचा येतो, आणि पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. लोकरीला कसर लागली आहे का, हे बारीक छिद्रांवरून ओळखता येते. असा कपडा कितीही सुंदर असला तरी तेथेच ठेवावा, कारण तो आपल्याबरोबर कपाटातल्या शालींचाही निकाल लावतो.

शिवण पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जुन्या शिंप्यांनी शिवलेल्या सदऱ्याच्या किंवा झग्याच्या बाजूच्या शिवणीत बोटभर कापड आत सोडलेले असते, कारण अंग वाढणार, बाळंतपणे होणार, कपडा धाकटीकडे जाणार, हे शिवणाऱ्याने धरलेलेच असे. आजच्या तयार कपड्यांत ओव्हरलॉकच्या दोऱ्यापलीकडे काही नसते, त्यामुळे तो कपडा एकाच मापाचा राहतो आणि माप बदलले की निरुपयोगी होतो. मी जाडी-बारीक होत राहणारी बाई आहे. मला शिवणीतले ते बोटभर कापड कोणत्याही मोठ्या नावापेक्षा मोलाचे वाटते.

गेल्या वर्षी याच बाजारात एक इरकल मिळाले, त्याच्याविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अंग वांगी रंगाचे, बारीक चौकडीचे. पदर लाल, त्यावर पांढऱ्या रेघांत देवळाची शिखरे आणि कंगव्याचे दात. इरकलाचा पदर आणि अंग वेगवेगळ्या ताण्यांचे, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचे, असतात, आणि ते दोन ताणे धाग्याला धागा गुंतवून जोडलेले असतात. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलच्या विणकरांची ही खास पद्धत. पदर जेथे सुरू होतो तेथे उलट्या बाजूने बोट फिरवले, तर तो सांधा बारीक खरखरीसारखा लागतो. यंत्रमागावरच्या नकलेत तेथे बोट सरळ निसटते. मी तेवढ्यासाठीच लुगडे उलगडले आणि मध्यावर आले तेव्हा दंड दिसला.

नऊवारी लुगडे प्रथम विरते ते बसण्याच्या जागी. तेवढा भाग कापून काढायचा आणि उरलेली दोन टोके एकमेकांना जोडायची, याला दंड घालणे म्हणतात, आणि एके काळी घरोघरी हे काम चालत असे. या इरकलाचा दंड हाताने घातलेला होता. दोन्ही कडा आत दुमडून, एकमेकींत अडकवून, चपटी शिवण घातली होती, की निऱ्यांत ती टोचू नये. दोरा अंगाच्या रंगाचा होता. काठाजवळ टाके एकमेकांना चिकटून होते आणि मध्यावर थोडे सैल, आणि काठावरच्या रेघा दोन्ही बाजूंनी इतक्या नेमक्या जुळवल्या होत्या की दुरून जोड कळत नव्हता. मी दोन्ही हातांनी ताण देऊन पाहिला. शिवण हलली नाही. विक्रेत्याने मात्र तो दंड दाखवून, 'जोड आहे ताई, कमी द्या' असे आपणहून सांगितले. मी त्याला बिनजोड लुगड्याचाच भाव दिला, कारण मी ते लुगडे त्या जोडासाठीच घेत होते.

नऊ वारांचे ते मुळात सव्वाआठ मीटर असावे; कापून उरले ते सहावारीला पुरले. ओल्या पांढऱ्या रुमालाने पदर पुसून रंग जातो का ते पाहिले, रिठ्याच्या पाण्यात दोनदा धुतले, सावलीत वाळवले आणि फॉल लावून घेतला. फॉल लावणाऱ्या बाईंनी दंड उसवून यंत्रावर 'नीट' शिवून देऊ का, असे विचारले, तेव्हा मी जरा जास्तच घाईने नको म्हणाले. ती साडी मी ऑफिसात नेसते, साध्या पांढऱ्या पोलक्यावर, आणि नेसताना तो जोड मुद्दाम निऱ्यांत लपवत नाही.

फोनवरून घेतलेल्या जुन्या कपड्यांचा अनुभव याहून कोरडा आहे, पण त्याचाही एक फायदा झाला. तेथे कापड हाताळता येत नाही, स्मॉल-मीडियम या मापांना काही अर्थ नसतो, म्हणून मी माझ्या सर्वांत नीट बसणाऱ्या कुडत्याची खांदा, छाती, मुंढा (बाही जोडतात ती जागा), बाही आणि उंची ही मापे एका कागदावर उतरवली आणि तो कागद पर्समध्ये ठेवला. विक्रेत्याकडून हीच पाच मापे मागवते. तो ती देत नसेल तर कपडा घेत नाही. एक करड्या लोकरीचा ब्लेझर मला याच कागदाने मिळवून दिला. ब्लेझरची कंबर आणि बाहीची उंची शिंपी सहज बदलतो, पण खांद्याला हात लावायचा तर आतले कॅनव्हास आणि अस्तर सगळे उसवावे लागते, म्हणून खांदा बसत असेल तरच पुढे जायचे.

या सगळ्यातून मला माझी आवड कळली. मला जाडसर सूत आवडते, गळा लहान लागतो, मुंढा खोल असेल तर अस्वस्थ होते, आणि चमकणाऱ्या कापडात मी दुसरीच कोणीतरी दिसते. एवढे कळल्यावर दुकानातल्या दहापैकी नऊ गोष्टी आपोआप बाद होतात, आणि संकल्प करायला फार थोडे उरते.

त्यातला पहिला नवरात्रातल्या नऊ रंगांचा. वर्तमानपत्रांनी रुजवलेली ही प्रथा ऑफिसात मजा आणते, हे मी नाकारत नाही, पण दर वर्षी एखाद्या रंगासाठी धावतपळत घेतलेला कुर्ता पुढे वर्षभर लोंबकळत राहतो. यंदा जो रंग घरात नसेल, त्या दिवशी ओढणी किंवा टिकली भागवेल. संक्रांतीला काळी चंद्रकळा आईचीच नेसणार आहे; गेल्या वर्षीही तीच होती आणि ज्यांनी ती पाहिली त्यांना पुन्हा पाहता येईल. दुसरे असे की नवा किंवा जुना कपडा घेताना शिंप्याचे पैसे त्याच्या किमतीत धरायचे. शिंपीकाकांकडे जाण्याचा आळस म्हणून पडून राहिलेले कपडे ही माझ्या कपाटातली खरी अडगळ आहे, आणि रफूगार तर आता शोधावे लागतात. आमच्या भागात जे एक आहेत, त्यांच्याकडे लोकरीची कामे थंडी संपायच्या आत न्यायची आहेत. बोहारणीला द्यायचे गाठोडेही धुऊन, बटणे लावून द्यायचे, कारण आपण न केलेले ते काम पुढे तिच्याच घरातल्या बायका करतात.

सर्वांत अवघड संकल्प आहेराच्या साड्यांचा आहे. लग्नामुंजीत मिळालेली साडी कपाटात ठेवायची आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कोणाला तरी द्यायची, या फिरत्या व्यवहारातून मी यंदा बाहेर पडणार आहे: द्यायचे तर पुस्तक किंवा पाकीट, आणि घ्यायची वेळ आली तर नेसता येईल तेवढेच घरात ठेवायचे. आमच्या नात्यात एक मोहरी रंगाची नारायणपेठी अनेक घरे हिंडून, घडीही न मोडता, अलीकडे माझ्याकडे परत आली आहे; मी पूर्वी दिली होती तीच, हे पिशवीच्या तळाशी राहिलेल्या माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठीवरून कळले. साडी चांगली आहे, सूत दणकट आहे, फक्त आजवर ती कोणी नेसलेली नाही. तिला फॉल-पिकोला टाकली आहे आणि फेब्रुवारीतल्या लग्नात मी ती नेसणार आहे. मधल्या सगळ्या आत्या-माम्या तेथे असतील, आणि कोणी ओळखलीच तर प्रत्येकीकडे ती कोठून आली होती, हे जेवणाच्या पंगतीत बसल्या बसल्या लावून पाहता येईल.