केसाळ गोळ्यांचा पाऊस

परग्रहावरचा प्राणी स्वस्तात कसा बनवावा, याचा धडा घ्यायचा तर 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळ-मालिकेचा 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' हा भाग पाहावा. प्रथम दाखवला गेला 29 डिसेंबर 1967 रोजी. कथा डेव्हिड जेरॉल्डची, प्राण्याचा आराखडा वाह चँग या कलाकाराचा. नकली फर, आत फोम, वरून टाके, झाला ट्रिबल! डोळे नाहीत, तोंड नाही, शेंडाबुडखाही नाही; टोपीवरचा गोंडा सुटून पडावा तसा. सुमारे 500 नग शिवून घेतले, खर्च 350 डॉलर. नगाला 70 सेंट.

नुसता गोळा काही जिवंत वाटत नाही. म्हणून मोजक्या ट्रिबलांच्या पोटात बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यातल्या कुत्र्यांची यंत्रणा बसवली. ते सरकू लागले खरे, पण घरघर एवढी की त्या दृश्यांचे संवाद मागाहून भरावे लागले. श्वास घेणाऱ्यांच्या पोटात फुगे होते. बाकीच्यांचा जीव मात्र नटांच्या बोटांत. 'या गुरगुरण्याचा माझ्यावर परिणाम होत नाही' असं सांगत यानावरचा परग्रहवासी अधिकारी स्पॉक ट्रिबलला कुरवाळत राहतो, तेव्हा यंत्रबिंत काही लागत नाही.

मग स्पॉकचं ते गणित. धान्याच्या कोठारात 17,71,561 ट्रिबल! आकडा हवेतला नाही. सुरुवात एका ट्रिबलपासून, दर 12 तासांनी प्रत्येकाला सरासरी 10 पिल्लं, म्हणजे तीन दिवसांत सहा पिढ्या. पडताळून पाहणारे हमखास दहाने गुणतात, दहा लाखांवर येतात आणि लेखकाला नावं ठेवतात. आई मोजायची राहते! दहा पिल्लं अधिक ती, म्हणून गुणायचं अकराने, सहा वेळा. उत्तर चोख येतं, फक्त एकही ट्रिबल मरता कामा नये.

सतरा लाखांचं सोंग पाचशेंत वठवायचं होतं, त्यामुळे सगळी भिस्त एका दृश्यावर. यानाचा कप्तान कर्क कोठाराचं वरचं झाकण उघडतो आणि त्याच्या अंगावर ट्रिबल कोसळतात. फोमचा गोळा वजनाला हलका, त्यात फर फरीला धरून बसते. हवे तेवढे, हवे तेव्हा पडतील तर शपथ. पडद्याआड माणसं ते हाताने खाली टाकत होती. पुढे कर्क कमरेपर्यंत बुडालेला उभा, गंभीर चर्चा चाललेली, आणि वरून अधूनमधून एकेक ट्रिबल टपकन डोक्यावर. टाकणाऱ्यांना खालचं दिसत नव्हतं. पुरे झाले की नाहीत कळेना, म्हणून टाकतच राहिले. कर्क झालेल्या विल्यम शॅटनरचा त्रासिक चेहरा त्या टपटपीमुळेच खुलला आहे. ठरवून केलं असतं तर बहुधा फसलं असतं.

नोव्हेंबर 1996 मध्ये 'डीप स्पेस नाइन' या पुढच्या 'स्टार ट्रेक' मालिकेने या टपटपीला कथेत कारणच देऊन टाकलं. भविष्यातून आलेले, या मालिकेतले सिस्को आणि डॅक्स त्याच कोठारात बसून, एका ट्रिबलमध्ये दडवलेला बॉम्ब शोधताहेत. एकेक तपासायचा, नसला की खाली भिरकावायचा. खाली जुन्या चित्रणातला कर्क.