आज स्वतःच्याच गाडीची हवा काढली

गेले 2 महिने आमचं 36 फुटी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, चालू लागलं की कपाटातली भांडी भजनाला बसायची. बायको म्हणायची, रस्ते खराब. ॲरिझोनातले रस्ते काही ठिकाणी आहेतही खराब, पण एवढे नाहीत हो. दोष हवेचा होता. मागच्या टायरवाल्याने सहाही टायरांत 120 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठोकून दिली होती, कारण टायरच्या अंगावर तेच छापलंय. पण तो आकडा टायर पेलेल त्या कमाल वजनासाठीचा. आमचं वजन किती, हे कुणी पाहिलंच नव्हतं!

म्हणून काल ट्रक स्टॉपच्या काट्यावर गेलो. पाणी, डिझेल फुल्ल, तांदळाचं पोतं, कुकर, आम्ही दोघं, सगळ्यासकट. चिठ्ठीवर पुढच्या-मागच्या आसांचं वजन वेगवेगळं आलं. टायर कंपनीच्या तक्त्यात त्या वजनाला किती हवा लागते ते शोधलं, वर 5 पीएसआय राखीव धरली. पुढे 105, मागे 95.

हवा मात्र आज पहाटे, टायर थंड असताना लावली. चालून तापले की आकडा आपोआप चढतो, तेव्हा ती सोडायची नसते. खरी कसरत मागच्या जोडचाकांची. आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह बाहेरच्याच्या आड. गुडघ्यावर बसा, मनगटापर्यंत काळे व्हा, आणि गेज जरा तिरका लागला की फुस्स. तिसऱ्यांदा जमलं.

दुपारी फ्लॅगस्टाफपर्यंत गेलो. भांडी गप्प. आता बाथरूमचं दार वाजतंय, ते आधी त्या गोंधळात ऐकूच येत नव्हतं.