पंख्याची घाई

आमच्या बेळगावात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने कॅबिनेटचं झाकण काढलं की गिऱ्हाईक कुठून आलंय ते त्याला विचारावं लागत नाही. वडगाव-शहापूरच्या यंत्रमागवाल्याकडचं मशीन असेल तर हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर निववणाऱ्या धातूच्या, पात्यांवर सुताचा पांढरा थर जमलेला असतो, इतका घट्ट की चिमट्यात धरून अख्खा सोलून काढता येतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतलं असेल तर आत तपकिरी भुकटी, आणि ब्लोअर लावायच्या आधी नाकाला रुमाल बांधावा लागतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून आलेलं सगळ्यात अवघड. त्या काळ्या धुळीत लोखंडाचा कीस असतो, आणि तो मदरबोर्डवर कुठे शॉर्ट करेल याचा भरवसा नाही. अशी मशीनं तापतात तेव्हा कारण डोळ्यांना दिसतं. साफ केली, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, की काम संपलं.

मे महिन्याच्या शेवटी खानापूर तालुक्यातल्या एका गावाहून एक मशीन आलं. त्यात यातलं काहीच नव्हतं. आत जवळजवळ कोरंच होतं. तिथेच मी थांबून विचार करायला हवा होता.

मशीन एका निवृत्त शिक्षिकेचं. गाव त्यांना बाई म्हणतं, मीही तेच म्हणतो. त्यांनी वहीच्या कागदावर तक्रार नीट लिहून आणली होती : काहीही काम चालू नसताना प्रोसेसरचं तापमान ४० वरून एकदम ६५ वर जातं, दोन सेकंदांत परत ४२ वर येतं, आणि दर वेळी पंखा ओरडतो. आत रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, त्याच्या खोक्यातूनच मिळणारा छोटा कूलर. शहरातल्या एका दुकानातून जुळवून घेतलेलं.

मी नेहमीचं काम केलं. आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम केलं. एएम४ सॉकेटमध्ये, म्हणजे हा प्रोसेसर बोर्डावर ज्या खाचेत बसतो तिथे, हे फार महत्त्वाचं आहे. पेस्ट थंड आणि सुकलेली असताना कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसरही त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. त्याला खाली तेराशेच्या वर बारीक पिना असतात, आणि त्यातली एक जरी वाकली तरी पुढचा अर्धा दिवस भिंग आणि सुई घेऊन बसावं लागतं. म्हणून गरम करायचा, डावीउजवीकडे हलक्या हाताने फिरवायचा, सुटला की उचलायचा. जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, चारही स्क्रू समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळले. सगळ्या कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या काम करणाऱ्या भागांवर, पूर्ण भार टाकला तेव्हा आधी ८४ अंश यायचे, आता ७९ आले. पाच अंशांचा फरक म्हणजे चांगलं काम. सहाशे रुपये घेतले आणि मशीन दिलं.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. ‘दादा, तसंच आहे ओ. काही फरक नाही.’

मी त्यांना म्हणालो, ‘बाई, ६५ अंश म्हणजे काहीच नाही. कंपनीच ९५ पर्यंत चालतं म्हणते.’

‘९५ चालतं हो, पण मला तो आवाज चालत नाही. मृग लागायच्या आत माझं काम व्हायला पाहिजे. तुम्ही एकदा येऊन ऐकून तरी जावा की.’

मी बोललो ते खरं होतं, पण त्यांनी विचारलं होतं भलतंच. त्यांनी आवाजाबद्दल विचारलं, मी तापमानाचं उत्तर दिलं.

रविवारी सकाळी मी जांबोटी रस्त्याने गेलो. घर जुनं, मातीच्या भिंतींचं, वर लाल कौलं. मृगाची घाई कशासाठी ते तिथे पोचल्यावर कळलं. बाई सासूबाईंच्या ओव्या रेकॉर्ड करत होत्या. सासूबाई ऐंशी पार केलेल्या. नुसतं बसवून म्हणायला सांगितलं तर त्यांना चार ओव्या आठवत नाहीत. जात्याचा खुंटा हातात आला की एकामागून एक सुटत जातात. म्हणून माजघरात जातं मांडलेलं, शेजारी सुपात नाचणी, स्टँडवर माइक, आणि माइकच्या दीड मीटरच्या वायरीमुळे हाताच्या अंतरावर कॉम्प्युटर. पाऊस लागला की या भागात कौलांवर जो मारा सुरू होतो, तो चार महिने बोलणं ऐकू देत नाही, रेकॉर्डिंग तर दूरच. आणि पुढच्या उन्हाळ्याचं कोण सांगणार, असं बाई त्यांच्या देखत बोलल्या नाहीत, अंगणात येऊन बोलल्या.

मी म्हणालो, तुम्ही चालू करा, मी नुसता बसतो.

आजींनी जात्यात नाचणीची वैरण घातली, जातं फिरलं, ओवी सुरू झाली. सात-आठ सेकंद झाले असतील, पंख्याने ‘व्हूंऽऽ’ करून सूर चढवला आणि लगेच उतरवला. आजींचा हात मंद झाला. त्यांनी मशीनकडे पाहिलं, ओवीचा पहिला चरण परत घेतला. परत चढला. परत हात थांबला. जात्याची घरघर त्या पंख्यापेक्षा कितीतरी मोठी होती, तरी त्यांचं लक्ष जात्यावर नव्हतं. अर्ध्या तासात तीन ओव्या पुऱ्या झाल्या.

माझ्या दुकानासमोर दिवसभर रिक्षा आणि बस. तिथे हा आवाज मला ऐकूच आला नव्हता. मी फक्त आकडे पाहिले होते.

मी वडगावचा आहे. घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचे चार माग होते. त्या खटखटीत आम्ही जेवलो, अभ्यास केला, झोपलो. कोणाला त्रास झाला नाही. पण रात्री एखादा माग थांबला की आई झोपेतून उठून बसायची : कांडी संपली का, धागा तुटला का? एकसारख्या आवाजाला कान सरावतो, बदलाला सरावत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं आणि वीस वर्षं कॉम्प्युटर उघडूनही कधी पंख्याला लावून पाहिलं नव्हतं. बाईंच्या पंख्याचा दोष आवाज मोठा असण्याचा नव्हता. तो दर काही सेकंदांनी बदलत होता, हा होता.

मग मी झाकण काढलं, मशीन चालू ठेवलं, आणि बाईंना जवळ बोलावलं. स्क्रीनवर तापमानाचा आकडा ४१, ६४, ४३ असा उड्या मारत होता. त्यांना म्हणालो, पंख्याला हात न लावता कूलरच्या कडेच्या ॲल्युमिनियमला बोट लावा. त्यांनी लावलं. ‘कोमट पण नाही ओ हे!’

खरी गोष्ट तिथेच आहे. या प्रोसेसरची आतली चिप अंगठ्याच्या नखाएवढी, साधारण १८० चौरस मिलिमीटर. तिच्यात सहा कोअर. एखादं बारीकसं काम आलं की एक कोअर ते लवकर उरकण्यासाठी ४.४ गिगाहर्ट्‌झपर्यंत पळतो, त्याला जास्त व्होल्टेज मिळतं, आणि तेवढाच ठिपका क्षणात तापतो. आपल्याला दिसणारा आकडा हा सगळ्यात गरम ठिपक्याचा असतो. ती उष्णता वरच्या धातूच्या झाकणातून, पेस्टमधून ॲल्युमिनियममध्ये उतरायच्या आत काम संपलेलं असतं, ठिपका निवलेला असतो. पंखा वारा घालतो तो ॲल्युमिनियमला. जे तापलेलंच नाही त्याला वारा घालून काय होणार? आकडा चढला की पंखा धावतो, तो पोचेपर्यंत आकडा उतरलेला. म्हणून माझ्या नव्या पेस्टने पूर्ण भाराचं तापमान कमी झालं आणि या उड्यांवर काहीच परिणाम झाला नाही.

खरी गरमी वेगळी वागते. फाउंड्रीतल्या मशीनमध्ये आकडा सावकाश चढतो आणि काम थांबल्यावरही मिनिटभर वर राहतो, कारण धातूच तापलेला असतो. दोन सेकंदांत चढून उतरणारा आकडा आणि चढून बसणारा आकडा यांतला फरक ओळखायचा असेल तर आलेख पाहावा लागतो, एका क्षणाचा आकडा पाहून चालत नाही.

प्रोसेसरला दर थोड्या वेळाने कोण उठवतंय तेही पाहिलं. रेकॉर्डिंग ज्या फोल्डरमध्ये साठत होतं, तोच फोल्डर क्लाउडवर चढवायला लावला होता. फाइल वाढली की ती वर पाठवायची, अँटिव्हायरसने तपासायची, परत वाढली की परत. शिवाय तापमान दाखवणारा जो छोटा प्रोग्राम बाईंनी घातला होता, तो दर अर्ध्या सेकंदाला सगळ्या सेन्सरना विचारत होता. त्या विचारण्यानेच कोअर जागे होत होते. रेकॉर्डिंगचा फोल्डर बाहेर काढला, तो प्रोग्राम बंद ठेवायला सांगितला. उड्या निम्म्याने कमी झाल्या. पण संपल्या नाहीत, आणि संपणारही नव्हत्या. हा प्रोसेसर असाच चालतो, आणि त्यात बिघाड काही नाही.

बदलायचा होता तो पंख्याचा स्वभाव. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, गेलो. बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये ४० अंशांपासूनच पंख्याच्या वेगाची रेघ तिरकी चढत होती आणि ७० ला पंखा जवळजवळ पूर्ण वेगात. म्हणजे प्रत्येक उडी पंख्यापर्यंत जशीच्या तशी पोचत होती. मी रेघ ६५ अंशांपर्यंत सपाट केली, ४० टक्क्यांवर. ७५ ला ६० टक्के, ८५ ला पूर्ण. आणि वेग वाढवण्याआधी पाच-सहा सेकंद थांबायचं, उतरवतानाही तेवढंच थांबायचं, असा विलंब लावला. पुष्कळ बोर्डांवर ही सोय असते. ती वेगवेगळ्या नावांनी कोपऱ्यात दडलेली असते, म्हणून लोक शोधत नाहीत आणि दोन-अडीच हजारांचा नवा कूलर घेऊन येतात. नवा कूलरही त्याच तिरक्या रेघेवर तसाच वरखाली होतो.

पंखा शांत केला की जबाबदारी वाढते. त्याला गप्प बसवून प्रोसेसर भाजत ठेवला तर ते काम नव्हे. म्हणून त्याच खोलीत, दुपारच्या उकाड्यात, सगळ्या कोअरवर वीस मिनिटं भार टाकून बसलो. पंखा सावकाश, एका दमात चढत गेला. तापमान ८३ वर जाऊन थांबलं, वेग ३.९ गिगाहर्ट्‌झच्या खाली गेला नाही. ९५ च्या मर्यादेपासून बारा अंश हाताशी. मला समाधान वाटलं.

बाईंनी इंटरनेटवर वाचलं होतं की विंडोजमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की बूस्टच, म्हणजे कोअरचं ते वर पळणंच, बंद होतो. ते खरं आहे, उड्याही बऱ्याच बसतात. पण कायमचं तसं ठेवायला माझा विरोध आहे. पैसे मोजून घेतलेला वेग बांधून ठेवायचा कशाला? त्यांना नंतर ओव्या कापून, जोडून, साफ करायच्या होत्या, तिथे वेग लागतो. म्हणून वेगळा पॉवर प्लॅन केला, त्याला ‘ओवी’ नाव दिलं, आणि रेकॉर्डिंगपुरता तेवढा निवडायचा असं ठरलं.

माइकची जागाही बदलली. त्यांचा माइक समोरचं जास्त घेणारा, पाठीमागचं कमी घेणारा होता, आणि नेमकी त्याची समोरची बाजू कॉम्प्युटरकडे आली होती. पाठ तिकडे केली, आणि कॅबिनेट टेबलावरून काढून खाली दुमडलेल्या घोंगडीवर ठेवलं. लांब वायर गाडीत असती तर कॅबिनेट थेट पडवीत नेऊन ठेवलं असतं. यूएसबीची वायर पाच मीटरपर्यंत चालते. ती पुढच्या फेरीत नेऊन दिली.

संध्याकाळी चारच्या सुमारास आजी परत जात्याशी बसल्या. सुरुवात करायच्या आधी मी बाईंना सांगितलं की पहिली दहा सेकंदं कोणी बोलायचं नाही, जातंही फिरवायचं नाही, नुसतं रेकॉर्ड होऊ दे. आवाज साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला अशा रिकाम्या तुकड्यातून पंख्याचा नमुना द्यावा लागतो, मग ते सगळ्या फाइलमधून तेवढाच आवाज वजा करतं. पंखा वरखाली होत असेल तर हे जमत नाही, कारण नमुना एका सुराचा आणि पुढे सूर दुसराच. आता सूर एकच होता.

आजींनी मूठभर नाचणी घातली. ओवी सुरू झाली. मी पंख्याकडे कान देऊन बसलो होतो. तो चालू होता, मिनिटाला बाराशेच्या आसपास फेऱ्यांवर, तसाच, एकसारखा. तिसऱ्या-चौथ्या ओवीनंतर मी ऐकायचंच विसरलो. आजींनी मशीनकडे एकदाही मान वळवली नाही. सूप रिकामं झालं तेव्हा बाईंनी बोटांवर मोजलं, सतरा ओव्या झाल्या होत्या. त्यातल्या दोन ओव्या बाईंनीही कधी ऐकल्या नव्हत्या, एक त्यांच्या लग्नाच्या वेळची.

निघताना मी आधीचे सहाशे रुपये परत केले. बाई घेत नव्हत्या, मग नाचणीचं पीठ बांधून दिलं ते मी घेतलं. पंख्याचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवले : ६५ ला ४०, ७५ ला ६०, ८५ ला १००, थांबा सहा सेकंद. बोर्डावरचा नाण्यासारखा सेल कधीतरी संपतो आणि मग बायोस मूळ सेटिंगवर जातं. तेव्हा बाईंना ते स्वतःला घालता यावं म्हणून त्यांच्याकडून दोनदा घालून घेतलं.

नऊ दिवसांनी पाऊस लागला. त्या रात्री बाईंचा मेसेज आला, एकशे चार झाल्या, आणि खाली एक छोटी ऑडिओ फाइल होती. ती मी दुकान बंद केल्यावर, शटर ओढून, ऐकली.