सांडू दे, पण परातीत

गोव्यात बाळाला जूनमध्ये वरचं खाणं सुरू करायचं म्हणजे खाण्याइतकाच विचार धुण्याचा करावा लागतो. आमची बाय, म्हणजे लेक, डिसेंबरातली. सहा महिने पुरे होऊन तिला सातवा लागला तेव्हा पाऊस नुकताच धरला होता. वरचं अन्न सहा महिने पूर्ण झाल्यावर द्यायचं असं डॉक्टर सांगतात आणि मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करायची आपली रीत. दोन्हीकडून वेळ जुळली. म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात खिरीचं बोट चाटवलं आणि दुसऱ्या दिवसापासून घरी सुरुवात केली.

भरवायचं काम माझ्याकडे आलं. बायको पणजीला खासगी नोकरीत आहे. कायद्याप्रमाणे मिळणारी २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा नेमकी बाळाच्या पहिल्या घासाच्या वेळीच संपते. मी कुंडईच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीत, म्हणजे सकाळ माझी मोकळी. आई घरात असतेच, पण तिचे गुडघे दुखतात. खाली बसून बाळाला भरवणं आणि मग वाकून लादी पुसणं तिच्याच्यानं होत नाही.

सुरुवात पेजेनं झाली, आमच्याकडे दुसऱ्या कशानं होणार? उकड्या तांदळाची पेज, तीही बहुतेक वरची पातळ निवळच. चमच्यातली निम्मी हनुवटीवर, तिथून गळ्याच्या वळ्यांत, मग झबल्यात. उरलेली तिच्या मुठीत आणि मुठीतून केसांत. एका बैठकीला झबलं, लाळेरं, दुपटं आणि माझा शर्ट धुवायला निघायचा. जुलैत पडवीतल्या दोरीवर कपडा दोन दोन दिवस ओलाच राहतो आणि वाळला तरी कुबट वास जात नाही. त्यात मुंग्या. लादीच्या फटीत एक शीत राहिलं तरी दहा मिनिटांत रांग लागते.

घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे यावर एकच तोडगा होता. मांडीवर आडवं घ्या, एका हातानं तिचे दोन्ही हात धरा आणि बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्यानं, घाला. पिढ्यानपिढ्या हे चालत आलं हे खरं, आणि यात सांडत नाही हेही खरं. पण आडव्या बाळाच्या घशात ओतलेलं श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याला नको असेल तेव्हा तोंड मिटायची सोयही त्याला राहत नाही. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, बाळ सरळ बसलेलं हवं, हात मोकळे हवेत आणि शेजारी सतत कुणीतरी हवं. मला ते मनापासून पटलं. अन्न हाताला कसं लागतं, कसं दाबलं जातं, कसं निसटतं हे त्या वयात हातानंच कळतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १६ महिन्यांच्या मुलांना, काहींना उंच खुर्चीत बसवून, मऊ आणि पातळ पदार्थ दिले होते. जी मुलं ते जास्त चिवडत होती, ती त्या पदार्थांची नवी नावं जास्त चांगली शिकली. म्हणजे हात धरायचे नाहीत हे पक्कं. मग सांडणं कमी करायला काय करायचं? हात धरणं सोडून बाकी सगळं.

पहिली दिशा दाखवली आमच्या वाड्यावरच्या अंगणवाडीच्या ताईंनी. त्या घरी आल्या, वाटीतली पेज बघितली, चमचा भरला आणि तिरका केला. सगळं वाटीत ओघळलं. म्हणाल्या, ‘‘चमचा तिरका केला तरी घास चमच्यात थांबला पाहिजे. पाण्यानं पोट भरतं, बाळाचं अंग भरत नाही.’’ कारणही सरळ आहे. या वयात पोटात एका वेळी मावतं ते वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिली. बाय तेव्हा सात किलोची, म्हणजे २०० मिलीच्या आसपास. एवढ्या जागेत निवळ भरली तर हाती काय लागणार? घट्ट घासात जास्त ताकद असते आणि घट्ट घास ओघळत नाही. पोषणाची आणि स्वच्छतेची गोष्ट इथं एकच निघाली, याचं मला फार बरं वाटलं.

मग पेजेची निवळ बाजूला ठेवायला लागलो. खालची शितं आणि शिजलेली मुगाची डाळ पळीनं घोटून, चाळणीतून काढून, वर थोडं तूप. घट्ट वाटलं तर तीच निवळ चमचाभर. साखर, मीठ काही नाही, एक वर्षापर्यंत मध तर नाहीच. नाचणीच्या सत्त्वाचं गणित जरा वेगळं. मोड आणलेल्या नाचणीचं पीठ शिजवलं की साध्या पिठापेक्षा पातळ होतं, कारण मोड येताना त्यातला स्टार्च तोडणारी द्रव्यं तयार होतात. म्हणून चमच्यात थांबेल इतकं घट्ट करायला पीठ जास्त घालावं लागतं. ते बाळाच्या फायद्याचंच. फक्त घट्टपणा गॅसवर असताना बघायचा नाही, कोमट झाल्यावर बघायचा. थंड होताना ते आणखी आळतं.

एक गोष्ट मात्र मला बरेच दिवस कोड्यात टाकत होती. बरोबर घट्ट केलेलं सत्त्व खाणं अर्धं होईपर्यंत वाटीत पाणी सुटल्यासारखं पातळ व्हायचं आणि शेवटचे घास पुन्हा गळ्यावर. कारण होतं चमच्यावरची लाळ. लाळेतही स्टार्च तोडणारं द्रव्य असतं. तोच चमचा वाटीत बुडवत राहिलं की वाटीतलं सगळं सैल पडतं. आता पातेल्यातून छोट्या वाटीत तीन-चार चमचेच काढतो, ते संपले की पुन्हा. छोट्या वाटीत उरलेलं टाकायचं. पातेल्यातलं उष्टं होत नाही, त्यामुळे नासाडीही कमी.

भरवण्याच्या पद्धतीतही बराच फरक पडतो. चमचा उथळ आणि छोटा हवा, अर्धाच भरलेला. तो खालच्या ओठावर टेकवून थांबायचं. बाळ वरचा ओठ स्वतः मिटतं आणि घास ओढून घेतं. घाईनं चमचा वर उचलून वरच्या ओठावर पुसला तर घास पुढच्या बाजूला राहतो आणि जिभेनं बाहेर येतो. बाय चमच्याकडे झेपावायची, म्हणून तिच्या हातात दुसरा चमचा दिला. तिचा चमचा तिच्या हातात, माझा माझ्या हातात. मधूनमधून तिचाच चमचा भरून द्यायचा. तो तोंडात उलटा जायचा, पण जायचा. आणि प्रत्येक घासामागे तोंड पुसायचं नाही. पुसलं की ती मान फिरवते आणि पुढचा घास गालावर जातो. एकदाच, शेवटी.

आता परात. आमच्याकडे भेटीदाखल आलेली उंच खुर्ची होती. तिच्यावरून पडलेला घास लादीवर आपटून फुटायचा आणि भिंतीपर्यंत उडायचा. ती खुर्ची माळ्यावर गेली. त्याऐवजी जमिनीलगतची, पाठ टेकायला सरळ असलेली बैठक घेतली, पायांखाली पाट. समोर दोन्ही मांड्यांना लागून आईची कणीक मळायची मोठी स्टीलची परात. खाली चिकटणारी सिलिकॉनची वाटी लाल सिमेंटच्या लादीवर किंवा पाटावर कधी चिकटत नाही, पण परातीच्या गुळगुळीत बुडाला थोडं पाणी लावून दाबली की घट्ट बसते. जे सांडतं ते परातीत सांडतं. स्वच्छ परातीत पडलेला घास उचलून पुन्हा देता येतो, जमिनीवरचा नाही. आईला हे इतकं आवडलं की कणीक मळायला तिनं दुसरी परात आणवली.

लाळेऱ्याचा प्रश्न आईनं सोडवला. टर्किशचं लाळेरं पाणी पितं आणि पावसात वाळत नाही. बाजारातलं खिशाचं सिलिकॉन लाळेरं छातीपुरतं ठीक, बाह्या उघड्याच. आईनं जुन्या छत्रीचं कापड घेतलं, आधी पांढऱ्या फडक्यावर घासून रंग जात नाही ना ते पाहिलं आणि शिलाई यंत्रावर पूर्ण बाह्यांचा अंगरखा शिवला. मनगटाला सैल इलॅस्टिक, पाठीमागे वेल्क्रो. गळ्याला नाडी नाही, ती धोक्याची. खाऊन झालं की नळाखाली धरायचा, झटकायचा, दोरीवर टाकायचा. पुढच्या खाण्यापर्यंत कोरडा. असे दोन आहेत आणि दोन पुरतात. उकाड्याच्या दिवशी आत झबलंही घालत नाही.

वेळेवरून मात्र आई आणि माझ्यात मतभेद झाले. तिच्या मते आधी तेल लावून न्हाणं, मग खाणं, मग झोप. माझं म्हणणं, न्हाणं नंतर ठेवलं तर खरकटं आपोआप निघेल. मधला मार्ग निघाला तो असा. सकाळी हातानं खायचं असेल ते, म्हणजे केळ्याचा तुकडा, उकडलेलं रताळं, पिकलेली पपई, हे न्हाण्याआधी. मग तास-दीड तास खेळणं, मग तेल आणि न्हाणं. मऊ भात न्हाण्यानंतर, चमच्यानं. जास्त माखणारं खाणं न्हाणीच्या अलीकडे, कमी माखणारं पलीकडे. दोघांचंही समाधान झालं.

निसरड्या फळांना एक उपाय फार कामाचा आहे. सोललेलं केळं किंवा पपई मुठीतून सटकते आणि मग बाय दाबून लगदा करते. तुकडा भाजलेल्या नाचणीच्या पिठात हलका घोळवला की हातात राहतो. केळ्याची खालची साल धुऊन तशीच ठेवली तर धरायला मूठ होते. सुरुवातीला बोटाएवढे लांब तुकडे, कारण बाळ मुठीत धरतं आणि मुठीच्या बाहेर आलेलंच खातं. नवव्या महिन्याच्या सुमारास चिमटीत धरता यायला लागलं, तेव्हा छोटे तुकडे.

डागांबद्दल दोन गोष्टी. केळ्याचा डाग पडताना दिसत नाही, नंतर काळा पडतो, म्हणून लगेच गार पाण्यात. हळदीवर साबण लावला की डाग लाल होतो, घाबरू नका. ऊन लागलं की हळद फिकी पडते. आषाढात ऊन नव्हतं म्हणून वरणाला हळद फक्त अंगरखा घातलेल्या वेळी, आणि श्रावणात ऊन-पाऊस सुरू झाला तेव्हा साठलेली सगळी झबली एका सकाळी अंगणात पसरली.

लादीचं म्हणाल तर नाचणी लगेच पुसायची, वाळली की खरवडावी लागते. शितांचं उलट. ओल्या फडक्यानं पुसली की चिरडून पसरतात. आधी जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यानं गोळा करायची आणि मग फडकं. मेणकापड अंथरणं मी सोडून दिलं. ते धुऊन वाळवायचं म्हणजे आणखी एक ओला कपडा.

आठव्या-नवव्या महिन्यात नवीन प्रकरण आलं, फेकणं. घास उचलायचा, परातीबाहेर हात न्यायचा, सोडायचा आणि तो गेला कुठे ते वाकून बघायचं. यात खोडी नसते, पडलेली वस्तू कुठे जाते हे बाळ शोधत असतं. रागावून उपयोग नाही आणि हसलो तर खेळ वाढतो. मी तिच्यासमोर एका वेळी एक किंवा दोनच तुकडे ठेवायला लागलो. पाच असले की तीन जमिनीवर जायचे, एक असला की तो तोंडात जायचा. सलग फेकायला लागली की भूक संपली असं समजून परातीवर तिचे हात धरायचे आणि तांब्यातून पाणी घालायचं. ही तिच्यासाठी खाणं संपल्याची खूण झाली. पोट भरलं की आता ती स्वतःच हात पुढे करते.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गावच्या घरी परात आणि अंगरखा दोन्ही नेले. भरलेलं घर, प्रत्येकाला बायच्या तोंडात काहीतरी घालायचं. पातोळीत गूळ-खोबऱ्याचं सारण असतं; गूळ नको म्हणून तिचं वरचं तांदळाचं पांढरं आवरण तेवढं पातळ पट्ट्या करून दिलं. काजूगर आणि फणसाच्या भाजलेल्या आठळ्या यांच्यावर मात्र लक्ष ठेवावं लागलं, घशात अडकणाऱ्या वस्तू त्या. माझ्या चुलतभावाच्या मुलीनं, ती सात वर्षांची आहे, परातीशेजारी बसून राखणीचं काम अंगावर घेतलं आणि मोठ्यांनाही हटकलं.

त्यानंतर मुडदुशी हा मासा सुरू केला. उकडून, काटे बोटांनी चाचपून, भातात कुस्करून. माशाचा हात झबल्याला लागला की वास राहतो, म्हणून मासे असतील त्या दिवशी बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या आहेत ना ते आधी बघतो.

आता ती आमच्याबरोबर जेवायला बसते. परात अजून आहे, वाटी चिकटवावी लागत नाही. सध्या शिकणं चाललंय ते पेल्यानं पाणी प्यायचं. झाकणाचा, नळीचा पेला आणलेला नाही. स्टीलचं छोटं फुलपात्र, तळाशी दोन घोट पाणी. ते सांडलं तरी परातीत दोनच घोट सांडतं, आणि प्यायली की मी पुन्हा दोन घोट घालतो.