८४ रुपयांचं वॉरंट

शेजारच्या काकूंनी आज पिशवीतून जुनी पाकिटं काढून माझ्यापुढे ठेवली. आत लाभांशाची वॉरंटं, म्हणजे कंपनीनं शेअरधारकाला नफ्यातला वाटा म्हणून पाठवलेले चेक. एकही वटवलेलं नव्हतं. एकावर रक्कम होती ८४ रुपये.

"एवढ्याशा पैशासाठी बँकेत कोण जाणार, असं हे म्हणायचे," काकू म्हणाल्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली.

८४ रुपये गेले तर गेले. पण सलग ७ वर्षं लाभांश घेतला नाही, तर मूळ शेअरही सरकारच्या आयईपीएफकडे, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे, वर्ग होतात. काकूंना हे कुणीच सांगितलं नव्हतं. हक्क बुडत नाही, हे बरं. आधी कंपनीकडून हक्कपत्र (एन्टायटलमेंट लेटर) घ्यायचं, मग आयईपीएफ-५ फॉर्म ऑनलाइन भरायचा. त्याला फी नाही. वारसाची कागदपत्रं मात्र लागतात, आणि खरी दमछाक तिथेच होते.

आयपीओ, म्हणजे एखाद्या कंपनीची पहिली जाहीर शेअरविक्री, आला की आपण घरातल्या प्रत्येकाच्या नावानं अर्ज टाकतो, शेअर लागले का म्हणून रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघत बसतो. लागल्यानंतर त्यांची चौकशी कोण करतं? मला याचं खरंच वाईट वाटतं.

तुमचे शेअर ज्यात असतात त्या डिमॅट खात्याला नॉमिनी आहे ना? आणि त्या नॉमिनीला ते माहीत आहे का?