थायरॉईडची गाठ: सोनोग्राफी, सुई आणि रिपोर्टमधले आकडे

मानेच्या सोनोग्राफीत माझ्या थायरॉईडमध्ये 1.8 सेंटिमीटरची गाठ निघाली आणि घरात लगेच पुण्या-मुंबईची भाषा सुरू झाली. या तपासण्यांसाठी कोल्हापूर सोडावं लागत नाही. शिवाय थायरॉईडच्या गाठींपैकी साधारण 5 ते 15 टक्केच कॅन्सरच्या निघतात.

आधी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी. तो कमी असेल तर न्यूक्लियर स्कॅन करतात. त्यात गाठ स्वतःच हार्मोन बनवताना दिसली तर कॅन्सरची शक्यता फारच कमी. माझा टीएसएच नॉर्मल होता, पण त्यावरून कॅन्सर नाही असं ठरत नाही. इथेच फाईल कपाटात टाकणारे खूप.

सोनोग्राफीत नुसता आकार बघू नका. गाठ भरीव आहे का, आजूबाजूपेक्षा काळसर आहे का, रुंदीपेक्षा उभी जास्त आहे का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, आत बारीक पांढरे ठिपके आहेत का, यांचे गुण मिळून टाय-रॅड्स, म्हणजे संशय किती याचा 1 ते 5 मधला आकडा, ठरतो. 3 असेल तर 2.5 सेंटिमीटरपासून सुई (गाठीतल्या पेशी काढून तपासायची एफएनएसी), 4 ला 1.5, 5 ला 1. माझा 4, म्हणून सुई. रिपोर्टमध्ये टाय-रॅड्स नसेल, मानेतल्या लसीकाग्रंथींचा उल्लेख नसेल, तर रेडिओलॉजिस्टकडून लिहून घ्या.

ही एफएनएसी सोनोग्राफीत बघूनच करायला सांगा. अर्धवट पाण्याच्या गाठीत अंदाजाने सुई घातली तर नुसतं पाणी येतं, भरीव भाग राहून जातो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं. सुई बारीक असते, दोन-तीनदा घालतात. तेवढा वेळ आवंढा गिळायचा नाही, बोलायचं नाही.

पुढे बेथेस्डा, म्हणजे सुईच्या रिपोर्टमधला 1 ते 6 मधला आकडा. हा आकडा वेगळा, टाय-रॅड्सशी घोळ घालू नका. 1 म्हणजे पेशी अपुऱ्या, सुई पुन्हा; त्याला 'क्लिअर' समजू नये. 2 म्हणजे साधी गाठ, कॅन्सरची नाही. 3 अनिश्चित, बहुधा पुन्हा सुई. 4 मध्ये कॅन्सर आहे की नाही याचा पेशींवरून निवाडा होतच नाही: गाठीचं आवरण फुटलंय का, हे ती काढून तपासल्यावरच कळतं, म्हणून बऱ्याचदा थायरॉईडची ती बाजू काढतात. 5 ला कॅन्सरचा दाट संशय, 6 ला जवळपास खात्री.

माझा बेथेस्डा 2 आला. तरी वर्षाने पुन्हा सोनोग्राफी, शक्यतो त्याच सेंटरला, जुना रिपोर्ट घेऊन. एखाद्या मिलिमीटरचा फरक मोजण्यातलाच असतो. किमान दोन मापं 20 टक्क्यांनी आणि निदान 2 मिलिमीटरनी वाढली तरच गाठ वाढली म्हणतात. मधेच आवाज बसून राहिला, गिळताना अडकलं किंवा मानेत दुसरी गाठ लागली, तर मात्र वर्ष व्हायची वाट बघायची नाही.