गुलाबी रंग उतरेना

काही वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यात आम्ही उजनी जलाशयात, भिगवणच्या बाजूला, पंधरा पारदर्शक बाटल्या दोरीने पाण्यात टांगल्या होत्या. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांवाटे याच जलाशयात उतरते आणि पाण्यावर हिरवा थर धरतो, हे त्या भागात कुणाला सांगावे लागत नाही. नत्राचे प्रमाण तेवढेच ठेवून केवळ त्याचे रूप बदलले, तर वनस्पतिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांची, वाढ बदलते का, हे आम्हाला पाहायचे होते. तीन बाटल्यांत काहीच नत्र घातले नव्हते; तीनमध्ये नायट्रेट, तीनमध्ये अमोनियम, तीनमध्ये युरिया आणि उरलेल्या तीनमध्ये नायट्रेट व अमोनियम निम्मे-निम्मे होते. फॉस्फेट मात्र सर्वांत सारखे होते. युरियाच्या एका रेणूत नत्राचे दोन अणू असल्यामुळे तो रेणूंच्या हिशेबाने निम्माच घालावा लागतो, आणि तेथे चूक झाली तर सगळी तुलनाच फसते. म्हणून ते वजन मी स्वतः दोनदा केले.

होडी चालवणारे मामा म्हणाले, "मॅडम, उसाला युरिया टाकला की ऊस हिरवा होतो, मग पाणी का नाही होणार?" प्रश्न रास्त होता. फरक एवढाच की शेतातल्या युरियाचे मातीतले जिवाणू आधी अमोनियम आणि मग बरेचसे नायट्रेट करून टाकतात, त्यामुळे उसाच्या मुळांपर्यंत तो बहुधा रूप बदलूनच पोहोचतो. पाण्यातल्या अनेक पेशी मात्र युरिया थेट आत घेतात आणि युरिएज या विकराच्या साहाय्याने फोडतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी मिश्र बाटल्यांचे नमुने तपासताना मी थबकले. अमोनियमच्या चाचणीतला निळा रंग रोज फिका होत चालला होता, पण नायट्रेटच्या चाचणीतला गुलाबी रंग पहिल्या दिवशी होता तेवढाच गडद होता. प्रथम मला चाचणीचाच संशय आला. नायट्रेट मोजताना नमुना कॅडमियमच्या नळीतून सोडून त्याचे नायट्राइट करावे लागते, आणि ती नळी बिघडली की आकडे फसवे येतात. मी ज्ञात प्रमाणाची द्रावणे पुन्हा सोडून पाहिली. ती बरोबर आली. शिवाय त्याच नळीतून गेलेल्या, केवळ नायट्रेट घातलेल्या बाटल्यांत नायट्रेट घटलेले स्पष्ट दिसत होते. म्हणजे दोष नळीत नव्हता. अमोनियम समोर असेपर्यंत पेशी नायट्रेटकडे वळतच नव्हत्या.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण स्वतःच्या हाताने मोजलेले प्रथमच पाहत होते. नायट्रेट वापरायचे तर त्याचे आधी नायट्राइट आणि मग अमोनियम करावे लागते आणि त्यासाठी पेशीला आठ इलेक्ट्रॉन खर्चावे लागतात. अमोनियम मात्र आयतेच मिळते. त्याचा पुरवठा पुरेसा असला की पेशी नायट्रेट आत घेणारी यंत्रणाच मंद करते. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सुईसन उपसागरात, अमोनियम लिटरमागे सुमारे 4 मायक्रोमोलपेक्षा अधिक असेल तर नायट्रेटचा वापर जवळजवळ थांबतो आणि डायटमांचा, म्हणजे काचेसारखे कवच असलेल्या सूक्ष्म शैवालांचा, वसंतातला बहर येत नाही, असा निष्कर्ष 2007 मध्ये मांडला गेला होता. त्यावर पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता, कारण खाडीत प्रकाश, प्रवाह आणि शिंपले हेही डायटमांच्या वाढीवर परिणाम करतात.

तरीही त्या दुपारी मला आमच्या जुन्या तक्त्यांची खंत वाटली. त्यांत बहुतेक ठिकाणी केवळ नायट्रेट किंवा एकूण नत्र नोंदवलेले होते. प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्यात नत्र मुख्यतः अमोनियम आणि सेंद्रिय रूपात असते, तर पुरेशी हवा देऊन प्रक्रिया केलेल्या पाण्यात त्याचे बरेचसे नायट्रेट झालेले असते. एकूण नत्राचा आकडा दोन्हीकडे सारखा येऊ शकतो, पण प्लवकांच्या दृष्टीने ती दोन वेगळी पाणी आहेत.

सूक्ष्मदर्शकाखाली नायट्रेटच्या बाटल्यांत डायटम अधिक दिसले, तर अमोनियम आणि युरियाच्या बाटल्यांत मायक्रोसिस्टिस या नीलहरित शैवालाचे पुंजके अधिक होते. पंधरा बाटल्यांवरून अख्ख्या जलाशयाबद्दल मी बोलणार नाही. मात्र चौथ्या दिवशी मिश्र बाटल्यांतले अमोनियम जवळजवळ संपले होते, आणि त्या संध्याकाळी परीक्षानळीतला गुलाबी रंग पहिल्यांदाच फिका दिसला.